छत्तीस टेकचं कौतुक पुरे

आमच्या ऑफिसात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी क्विझ असते. सिनेमाचा राउंड तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला थीम होती सिरीयल किलर थ्रिलर. प्रश्न काढायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण ही माहिती हल्ली आपण शोधत नाही, ती आपल्याला शोधत येते. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, संडासातसुद्धा. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असा ठसकेबाज आवाज, मागे ढॅण्‌ढॅण्‌ म्युझिक, तीस सेकंद. ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये अँथनी हॉपकिन्स किती मिनिटं दिसतो? ‘सायको’तलं रक्त कशाचं होतं? ‘सेव्हन’च्या शूटिंगमध्ये ब्रॅड पिटच्या हाताला काय झालं? आणि शेवटचा, माझा लाडका: ‘झोडियाक’मध्ये गाडीच्या सीटवर वही टाकायचा एवढासा शॉट डेव्हिड फिंचरने जेक जिलेनहालकडून किती वेळा करून घेतला?

उत्तर: छत्तीस.

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “येडा माणूस आहे राव.” ते कौतुकाने म्हटलेलं होतं. मीही हसलो. ज्या कौतुकाने आम्ही हसलो, त्याच्याबद्दल मला आता राग आहे, आणि त्या रागात मी स्वतःला सोडणार नाही. ह्या किश्श्यांचा पुरवठा करणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

आधी ‘सायको’. १९६० सालचा सिनेमा. शॉवरचा प्रसंग पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा आणि शूटिंग जवळपास आठवडाभर. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. इथपर्यंत ठीक. पण ह्या प्रसंगाचा सगळ्यात जास्त फिरणारा किस्सा वेगळाच आहे: जॅनेट लीची किंकाळी खरी वाटावी म्हणून हिचकॉकने शॉवरमध्ये अचानक बर्फासारखं गार पाणी सोडलं. मी हा किस्सा कॉलेजात असताना किमान दहा जणांना ऐकवला असेल. तो खोटा आहे. लीने स्वतः अनेकदा सांगितलं होतं की पाणी कोमट होतं, आणि ते तसं राहावं म्हणून युनिटने काळजी घेतली होती.

आता हा खोटा किस्सा नेमकं काय करतो ते बघा. एका नटीने अभिनय केला. घसा फाटेपर्यंत ओरडणं, डोळे विस्फारणं, मग मेल्यावर डोळे उघडे ठेवून पापणी न हलवता पडून राहणं, हे तिचं काम. किस्सा म्हणतो, छे, तिला काय येतंय, तिला थंडी वाजली होती. श्रेय सगळं नळ सोडणाऱ्याला. आणि लीने आयुष्यभर नाही म्हणूनही किस्सा मेला नाही, कारण तो आपल्याला आवडतो. बाईला खरोखर त्रास झाला तरच कला खरी होते, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना आतून वाटत असतं.

ह्याच प्रसंगाबद्दल खऱ्या गोष्टी कमी आहेत का? हिचकॉकला ह्या प्रसंगाला संगीतच नको होतं. बर्नार्ड हर्मनने ते न ऐकता फक्त तंतुवाद्यं घेऊन तुकडा लिहिला, हिचकॉकला ऐकवला आणि हिचकॉकने आपली चूक मान्य केली. आज ज्या आवाजासाठी तो प्रसंग ओळखला जातो, तो आवाज म्हणजे नोकराने मालकाचं न ऐकल्याचा परिणाम आहे. सिनेमा एडिट होऊन जवळजवळ तयार झाल्यावर हिचकॉकची बायको आल्मा रेव्हिलला दिसलं की मेलेली जॅनेट ली बारीकशी हलते आहे. बाकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. हे किस्से रीलवर चालत नाहीत असं नाही, पण ‘येडा माणूस’ ह्या साच्यात ते बसत नाहीत. म्हणून कमी चालतात.

आणि एक गोष्ट आहे, जी वाचून मी क्विझचे प्रश्न लॅपटॉपवरून डिलीट केले. शॉवरमध्ये लीच्या जागी काही शॉट्ससाठी मार्ली रेन्फ्रो नावाची मॉडेल होती. त्याच सिनेमात लाइट लावताना लीच्या जागी उभी राहणारी आणखी एक स्त्री होती. १९८८ मध्ये ह्या दुसऱ्या स्त्रीचा लॉस एंजेलिसमध्ये खून झाला. बातम्यांमध्ये छापून आलं: ‘सायको’च्या शॉवरमधल्या बाईचा खून. मथळा म्हणून सोन्यासारखा. मग पुढे बरीच वर्षं लोक धरून चालले की रेन्फ्रो मेली. ती जिवंत होती. हा गोंधळ उकलून पुस्तक लिहिलं रॉबर्ट ग्रेस्मिथने, तोच ज्याच्या पुस्तकावर ‘झोडियाक’ बेतला आहे. म्हणजे एका जिवंत बाईला ट्रिव्हियाने मारलं आणि मेलेल्या बाईला तिचं स्वतःचं मरणसुद्धा मिळू दिलं नाही. त्या बाईचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या क्विझमध्ये प्रश्न म्हणून यायला नको.

‘सेव्हन’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. १९९५. पावसातल्या पाठलागात पिट घसरला, गाडीच्या काचेवर हात आपटून कापला गेला आणि मग प्लास्टर पटकथेत घुसवलं. शेवटच्या खोक्यात काय आहे ते कॅमेरा कधीच दाखवत नाही, तरी लोक शपथेवर सांगतात की आम्ही पाहिलं. पटकथा लिहिणारा अँड्र्यू केविन वॉकर न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करत होता, आणि सिनेमाच्या सुरुवातीचं प्रेत तोच आहे. मला स्वतःला ह्यातला शेवटचा सगळ्यात आवडतो. पण क्विझमध्ये विचारला पिटचा हात. जखम विचारली की हात वर जातात, लेखक विचारला की जात नाहीत.

हॉपकिन्सच्या मिनिटांचा प्रश्न तर तांत्रिकदृष्ट्याच वाईट आहे. बहुतेक ठिकाणी सोळा मिनिटं लिहिलेलं असतं. कुणी घड्याळ लावून बसलं तर चोवीस-पंचवीस येतात. ‘पडद्यावर दिसणं’ म्हणजे काय ह्याची व्याख्याच दिलेली नाही, त्यामुळे उत्तर काहीही येऊ शकतं. ऑफिसात कुणी अशी रिक्वायरमेंट लिहून पाठवली तर मी परत पाठवली असती. पण इथे कुणी परत पाठवत नाही. त्याच सिनेमात जॉनथन डेमी आणि कॅमेरामन ताक फुजिमोतो ह्यांनी केलेली गोष्ट मोजायला घड्याळ लागत नाही. क्लॅरिसशी बोलणारे पुरुष थेट लेन्समध्ये बघतात आणि ती मात्र लेन्सच्या किंचित बाजूला बघते. म्हणजे दोन तास तुम्ही तिच्या जागी उभे असता आणि बॉसपासून कैद्यापर्यंत सगळे पुरुष तुमच्याकडे टक लावून बघत असतात. माझ्या टीममधल्या एका मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हे कळायला मला सिनेमा बघावा लागला नसता.” क्विझ तीच जिंकली होती, जाता जाता.

आता ‘झोडियाक’. माझ्या रागाचं मूळ इथे आहे.

२००७ चा सिनेमा, अडीच तासांहून मोठा, १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास माणसं मारून वर्तमानपत्रांना सांकेतिक पत्रं पाठवणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या खुन्याचा. किंवा खरं तर त्याच्या मागे आयुष्य घालवणाऱ्यांचा. एकही ऑस्कर नामांकन मिळालं नाही, धंदाही बेताचाच झाला. त्याबद्दल जे किस्से फिरतात ते बहुतेक एकाच प्रकारचे: छत्तीस टेक, रॉबर्ट डाउनी ज्युनिअरने वैतागून सेटवर लघवीच्या बरण्या ठेवल्या, जिलेनहाल मुलाखतीत कुरकुरला. निष्कर्ष ठरलेला: जीनियस असाच असतो.

मी इंजिनिअर आहे, मला छत्तीस ह्या आकड्यात वेगळं काहीतरी दिसतं. फिल्मवर शूट करता तेव्हा ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपतं. प्रत्येक टेकला कच्ची फिल्म जळते, मग लॅबचा खर्च. म्हणजे टेकला किंमत होती आणि ती निर्मात्याला दिसायची. ‘झोडियाक’चा बहुतांश भाग थॉमसन वायपर ह्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झाला, थेट हार्ड डिस्कवर. त्यात रक्तसुद्धा नंतर कॉम्प्युटरवर घातलं, म्हणजे प्रत्येक टेकनंतर कपडे बदला, डाग पुसा ही भानगड नाही. आता पुढच्या टेकची किंमत जवळजवळ शून्य. पण खर्च नाहीसा झालेला नाही. तो फिल्मच्या डब्यातून निघाला आणि नटाच्या शरीरात, लाइटवाल्यांच्या रात्रीत जाऊन बसला. तिथे तो बिलात दिसत नाही. डाउनीच्या बरण्या म्हणजे ते बिल होतं, आणि आपण त्याचा जोक केला.

हे मला इतकं चटकन का कळलं ते सांगायला नको. ज्या कंपनीत मी आधी होतो तिथे रिलीजच्या आदल्या रात्रींचे असेच किस्से चालायचे. अमका तीन दिवस घरी गेला नाही, तमक्याने साखरपुड्याच्या हॉलमधून बग फिक्स केला. वार्षिक कार्यक्रमात हे स्टेजवरून सांगायचे, टाळ्या पडायच्या. तिसऱ्या वर्षी माझा किस्सा सांगितला गेला. मी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममधून डिप्लॉयमेंट केली होती, आत बाबांची अँजिओप्लास्टी चालली होती. टाळ्या पडल्या. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग घरी गेल्यावर लक्षात आलं की सर्व्हर क्लाउडवर गेल्यापासून रात्रीची डिप्लॉयमेंट फुकट झाली आहे, म्हणून ती रात्री होते. फुकट कुणाला, एवढाच प्रश्न होता.

फिंचर येडा नाही. तो अतिशय हिशेबी माणूस आहे, आणि त्याचा हिशेब नटांना महाग पडत असेल तर तसं म्हणावं. कौतुकाने हसून ते झाकू नये. आणि दुसऱ्या बाजूने, त्याने जे खरोखर केलं तेही ह्याच हसण्याखाली झाकलं जातं. ह्या सिनेमाचे काही निर्णय मला कुठल्याही शंभर टेकपेक्षा मोठे वाटतात.

१९६८ च्या डिसेंबरात एका निर्जन रस्त्यावर दोन किशोरवयीन मुलं मारली गेली. झोडियाकचे हे पहिले बळी मानले जातात. थ्रिलरची सुरुवात म्हणून ह्याहून सोयीचा प्रसंग नाही. सिनेमात तो नाही. सिनेमा सुरू होतो १९६९ च्या ४ जुलैला, कारण त्या हल्ल्यातून एक जण वाचला. डिसेंबरच्या रस्त्यावर काय झालं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून दाखवायचं नाही. वाचलेल्यांना गाठून त्यांच्याशी बोलणं झालं. फिंचर, लेखक जेम्स व्हँडरबिल्ट आणि निर्माता ब्रॅडली फिशर ह्यांनी दीड वर्ष नुसती कागदपत्रं आणि माणसं तपासण्यात घालवलं. बेरियेसा तळ्याकाठी हल्ला झाला होता तिथली झाडं मधल्या काळात गेली होती, तर हेलिकॉप्टरने झाडं आणून लावली. (हा एक किस्सा मात्र रीलवर चालतो. हेलिकॉप्टर आहे ना.)

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: वेगवेगळ्या हल्ल्यांमध्ये खुनी वेगवेगळ्या नटांनी केला आहे. साक्षीदारांनी सांगितलेली वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून सिनेमानेही ती जुळवली नाहीत. विचार करा, दुसरा कुठलाही दिग्दर्शक असता तर एक करारी चेहऱ्याचा नट घेतला असता, त्याला ऑस्कर मिळालं असतं आणि आज त्याच्या मिनिटांचा हिशेब आपण क्विझमध्ये विचारत असतो.

सिनेमा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शेवटी तो एका संशयिताकडे इतकं ठामपणे बोट दाखवतो की बाहेर पडणारा प्रेक्षक निकाल खिशात घालूनच बाहेर पडतो. त्या माणसावर कधी आरोपपत्र नव्हतं, त्याचं हस्ताक्षर जुळलं नाही, २००२ मध्ये पत्रावरचा अर्धवट डीएनएसुद्धा जुळला नाही. डीएनएचं सिनेमा सांगतो, पण शेवटच्या पाट्यांमध्ये, जेव्हा लोक चपला शोधत असतात. साक्षीदाराशिवाय खून दाखवायचा नाही हा नियम संशयिताला लागू झाला नाही, ही माझी तक्रार आहेच. पण ह्या तक्रारीवर एखादी रील बघितली आहे का तुम्ही?

आता वही फेकण्याच्या शॉटकडे परत येतो. इतकं बारीक का करायचं ह्याचं एक उत्तर फिंचरने स्वतःच वेळोवेळी दिलेलं आहे. त्याचं बालपण त्याच भागात गेलं. १९६९ मध्ये तो सात वर्षांचा होता. झोडियाकने पत्रात शाळेच्या बसचे टायर फोडून उतरणाऱ्या मुलांना मारण्याची धमकी दिली होती, आणि फिंचरच्या शाळेच्या बसमागे पोलिसांच्या गाड्या चालू लागल्या. त्याने वडिलांना विचारलं तर त्यांनी शांतपणे सगळं सांगून टाकलं. पोराच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: हे तर घरूनच काम करतात, मग हेच का नाही सोडत शाळेत?

मी हे आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती हसली आणि मग थांबली. म्हणाली, “आम्हाला तर काहीच कुणी सांगितलं नव्हतं.”

आई १९७६ मध्ये आठ वर्षांची होती. नारायण पेठेत घर. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा माणसं मारली गेली, बरीचशी त्यांच्या राहत्या घरांत. आपण त्याला जोशी-अभ्यंकर प्रकरण म्हणतो, म्हणजे गेलेल्यांच्या आडनावांनी. खून करणारे कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते, चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, एक जण माफीचा साक्षीदार झाला. त्याच नावाचा राजदत्त ह्यांचा सिनेमा १९८६ मध्ये आला, नाना पाटेकर होता. हे सगळं मला पाठ होतं. पुण्यातल्या कुठल्याही मुलाला असतं. कॉलेजात टिळक रोडवरून जाताना ‘इथेच शिकायचे ते’ असं सांगायची आमची पद्धतच होती, बाहेरगावचा मित्र बरोबर असला तर आवाज जरा खाली आणून.

जे मला पाठ नव्हतं ते असं. अंधार पडला की वाड्याचा दिंडी दरवाजा बंद व्हायचा. एरवी तो रात्री दहापर्यंत उघडा असायचा. कुणी हाक मारली तर आधी आजी ओरडून विचारायची, कोण आहे, आणि नाव सांगितलं तरी दुसरा प्रश्न विचारायची, ज्याचं उत्तर फक्त ओळखीच्यालाच येईल. आजोबांनी खोलीच्या दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवली. इतकी वर की मुलांचा हात पोचणार नाही. आईला ते वर्ष आठवतं ते असं: संध्याकाळी शू लागली तरी सांगायचं नाही, कारण संडास वाड्याच्या मागे होता आणि वडिलांना कडी काढायला उठावं लागायचं. मोठ्यांना मुलांना घाबरवायचं नव्हतं, म्हणून कुणी काही बोलायचं नाही, आणि म्हणून जास्त भीती वाटायची. त्या दाराला दोन कड्या आहेत हे मी लहानपणापासून पाहतोय. मला वाटायचं जुनं दार आहे, असतात.

अठ्ठावीस वर्षं मी त्या घरात जातो-येतो. मला नाना पाटेकर माहीत होता, फाशीचं साल माहीत होतं. कडी माहीत नव्हती.

मित्र म्हणतात, एवढं काय मनावर घेतोस, गंमत असते. रील बघून निदान चार लोक सिनेमा तरी बघतात. असतील. मी स्वतःच तसा आलो ह्या सिनेमांकडे. पण गंमत निवडलेली असते, आणि निवड सारखी एकाच दिशेने झुकत असेल तर तिला गंमत म्हणून सोडता येत नाही. हजार किश्श्यांमधून वर येतात ते कुणाला दुखलं, कुणी कुणाला दुखवलं आणि खुनी किती हुशार होता. २०२० च्या डिसेंबरात झोडियाकचं ३४० अक्षरांचं कोडं एक्कावन्न वर्षांनी सुटलं तेव्हा आम्ही कोडर लोक वेडे झालो होतो. एक अमेरिकन सॉफ्टवेअरवाला, एक ऑस्ट्रेलियन गणिती, एक बेल्जियन प्रोग्रॅमर. ओळी तिरक्या वाचायच्या, जवळपास बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने. लाखो शक्यता तपासून काढलेलं उत्तर. मी रात्रभर जागून त्याचा कोड वाचला, आणि ते काम खरंच अफाट आहे. आत निघालं काय? मला पकडायचा प्रयत्न करताना मजा येत असेल ना तुम्हाला, अशी फुशारकी. नाव नाही, पत्ता नाही. एक्कावन्न वर्षं आधी लिहून ठेवलेली, आणि मजा येत होती ही गोष्ट खरी होती.

ह्या महिन्याच्या क्विझला मी एकच प्रश्न सिनेमाचा ठेवला. ‘झोडियाक’मध्ये खुन्याचं काम एकाहून जास्त नटांनी का केलं? पर्याय दिले नाहीत. डेट्स जुळल्या नसतील, असं एका टीमने लिहिलं. बजेट, दुसऱ्या टीमने. तिसऱ्या टीमने कोरा कागद दिला आणि भांडायला आले, की सिनेमाच्या राउंडला ‘का’ असा प्रश्न नसतो, ‘किती’ असतो. मी गुण कुणालाच दिले नाहीत. एचआरकडे तक्रार गेली आहे, गमतीत, असं म्हणतात.

रविवारी आईला सिनेमा लावून दिला. खुनाच्या प्रसंगांना ती उठून आत जात होती आणि संपल्यावर येत होती. बसच्या धमकीचं पत्र वाचतात तिथे मात्र बसून राहिली. रिमोट मागून घेतला, पॉज केलं.

“मग दुसऱ्या दिवशी पाठवलं का रे मुलांना शाळेत?”

“पाठवलं.”

“आम्हालाही पाठवलं,” ती म्हणाली, आणि पुन्हा चालू केला.